आपलीं पिलें व परकीं पिलें

शास्त्रपाठ : मत्तय ५ : ४३–४८, लूक १५ : ११–३२, गलतीकरांस पत्र २ : ११–१४

प्रीति हा शब्द आपल्या मंडळ्यांत जितक्या वेळां उच्चारला जातो तितक्या वेळां दुसरा एखादा शब्द क्वचितच उच्चारला जात असेल. उपासनेच्या आरंभीं तो असतो, शेवटच्या आशीर्वादांत असतो, लग्नांत असतो आणि प्रेत मातींत ठेवितांनाहि असतो. परंतु जें नाणें फार हातांतून फिरतें त्याचा छाप पुसट होतो, तशी या शब्दाची अवस्था झाली आहे. तो ऐकून आपण मान डोलावितों व घरीं जातों. यास्तव आज या शब्दाला शेतकऱ्याला शोभेल असा एक साधा प्रश्न विचारावा असें मनांत आहे. शेताची मोजणी करितांना आपण पहिल्यानें हद्दीचा दगड शोधतों. प्रीतीच्या हद्दीचा दगड कोठें आहे? ती कोठपर्यंत जाते आणि कोठें थांबते? हा प्रश्न आपण सृष्टीला विचारूं, मनुष्याच्या कलेला विचारूं आणि घडून गेलेल्या इतिहासाला विचारूं. कारण ज्या देवानें शास्त्र दिलें त्यानेंच हे तीन साक्षीदारहि आपल्यापुढें उभे केले आहेत.

पहिला साक्षीदार आपल्या अंगणांतच आहे. आकाशांत घार फिरूं लागली कीं कोंबडी एक निराळाच आवाज काढते. तो ऐकतांच दाणे टिपणारीं पिलें धांवत येतात आणि तिच्या पंखांखालीं शिरतात. एरवीं माणसाच्या पावलाला भिऊन पळणारी ही कोंबडी त्या वेळीं घारीच्या अंगावरहि धांवून जाते. तिला घारीसारखी चोंच नाहीं कीं नखें नाहींत. तरी ती जाते. प्रभु येशूनें यरुशलेम नगरासाठीं विलाप केला तेव्हां त्यानें सिंहाची किंवा गरुडाची उपमा घेतली नाहीं, या आपल्या अंगणांतल्या कोंबडीची घेतली (मत्तय २३ : ३७).

कोंकणांतल्या व सह्याद्रीच्या रानाकडच्या बंधूंनीं धनेश पक्षी पाहिला असेल. मोठी वांकडी चोंच आणि त्या चोंचीवर शिंगासारखा उंचवटा, असें त्याचें रूप आहे. विणीच्या दिवसांत त्याची मादी उंच जुन्या झाडाच्या ढोलींत शिरते आणि ढोलीचें तोंड लिंपून घेते. केवळ चोंच बाहेर येईल एवढी फट राहते. आंत गेल्यावर ती आपलीं उडण्याचीं पिसें गाळून टाकते. म्हणजे आतां मनांत आलें तरी तिला उडून जातां येणार नाहीं. पुढें कित्येक आठवडे नर वड, पिंपळ, उंबर यांचीं फळें घशांत सांठवून आणतो आणि त्या फटींतून एकेक फळ तिला, व अंडीं फुटल्यावर पिलांनाहि, पोंचवितो. आपले पंख गाळून दुसऱ्याच्या भरंवशावर अंधारांत बसणें ही लहान गोष्ट नव्हे. पुष्कळ मनुष्यांच्या संसारांत एवढा भरंवसा आढळत नाहीं.

येथवर ही साक्ष फार गोड आहे, आणि सृष्टीवरील पुष्कळ उपदेश येथेंच संपतात. परंतु साक्षीदाराला उलट प्रश्नहि विचारले पाहिजेत. त्याच कोंबडीपुढें शेजारच्या कोंबडीचें पिलूं आलें तर ती काय करते? चोंच मारून त्याला हांकून देते. घरांतल्या बायांना हें सांगावयास नको. कावळीण कोकिळेचें पोर चारा भरवून वाढविते हें खरें. पण कोकिळा गुपचूप तिच्या घरट्यांत अंडें घालून गेलेली असते, आणि कावळीण तें पोर आपलेंच समजते. परक्याचें पोर वाढविण्याचें जें उदाहरण आपल्या रानांत सर्वांच्या ओळखीचें आहे, तें फसवणुकीनें घडलेलें आहे! प्राण्यांची प्रीति खरी आहे, प्राणावर उदार होणारी आहे. तिच्या हद्दीचा दगड मात्र बहुतेक घरट्याच्या कडेलाच रोविलेला असतो.

आणि प्रभूनें नेमकें तेथेंच बोट ठेविलें. जे आपल्यावर प्रीति करितात त्यांच्यावर प्रीति करणें हें जकातदारालाहि जमतें, असें त्यानें डोंगरावर सांगितलें. त्या ठिकाणीं त्यानें सृष्टींतला दाखला दिला तो पशुपक्ष्यांचा दिला नाहीं. सूर्याचा आणि पावसाचा दिला. मृगाचा पाऊस बांधाच्या अलीकडे व पलीकडे सारखाच पडतो. ज्याच्याशीं आपला दावा चालू आहे त्याची बाजरीहि त्याच पावसानें उगवते, आणि खरें बोलावें तर त्याचें आपल्याला थोडें वाईटहि वाटतें. पाऊस कोणाचा बाप्तिस्मा झाला आहे हें पाहत नाहीं. सृष्टींत अशा दोन साक्षी आहेत: एक पिलांच्या आईची, दुसरी पावसाची. पहिली आपल्या रक्तांत आहे, ती कोणी शिकवावी लागत नाहीं. दुसरी शिकावी लागते, आणि तिच्यासाठींच प्रभूनें आपल्याला शाळेंत घातलें आहे.

आतां दुसरा साक्षीदार. चित्रकलेविषयीं आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत फारसें बोलणें होत नाहीं. भिंतीवर दिनदर्शिकेचें एखादें चित्र असतें, तेवढेंच. तरी एका चित्राविषयीं सांगतों. हॉलंड देशांत रेंब्रांट नांवाचा चितारी होऊन गेला. त्याचा जन्म १६०६ सालचा व मृत्यु १६६९ सालचा. तरुणपणीं त्याला पैसा व कीर्ति हीं भरपूर मिळालीं. पुढें १६४२ सालीं त्याची पत्नी वारली. तिच्या चार मुलांपैकीं तीन तान्हेपणींच गेलीं होतीं. १६५६ सालीं त्याचें दिवाळें निघालें व घरदार, सामानसुमान विकलें गेलें. उरलेला एकुलता मुलगा वयांत आला आणि तोहि १६६८ सालीं बापाच्या आधीं गेला. आयुष्याच्या अशा त्या अखेरच्या वर्षांत या म्हाताऱ्या चिताऱ्यानें उधळ्या पुत्राच्या परत येण्याचें चित्र काढलें. तें उभ्या माणसाहून उंच आहे, आणि आज रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज नांवाच्या संग्रहालयांत आहे.

चित्रांत मुलगा बापापुढें गुडघे टेकून आहे. त्याचें तोंड बापाच्या छातीशीं लपलें आहे. आपल्याकडे आहेत ते त्याचे तळपाय. एका पायांतील वाहाण निसटून पडली आहे, दुसऱ्या पायांतली झिजून टांचेपाशीं फाटली आहे. डोकें भादरलेलें आहे. ऊसतोडीहून परत आलेल्या माणसाचे पाय ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना त्या तळपायांचा अर्थ कोणी सांगावयास नको. बाप वांकून उभा आहे. त्याचे डोळे जवळजवळ मिटलेले, वाट पाहून अधू झाल्यासारखे आहेत. त्याचे दोन्ही हात मुलाच्या पाठीवर टेकले आहेत, आणि त्या काळोख्या चित्रांतला उजेड तेथें येऊन थांबला आहे. त्या दोन हातांविषयीं पाहणाऱ्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे, कारण ते सारखे नाहींत. एक रुंद व बळकट आहे, दुसरा त्याहून मऊ आहे. कोणी म्हणतात कीं चिताऱ्यानें एक हात बापाचा व एक आईचा काढला. तसा त्याचा हेतु होता किंवा नव्हता, कोण सांगणार? पण ज्या घरांत आई नाहीं त्या घरांतल्या बापाला दोन्ही हात ठेवावे लागतात, आणि रेंब्रांट तसा बाप होता.

चित्राच्या उजव्या अंगाला एक उंच मनुष्य काठीवर हात ठेवून ताठ उभा आहे. बहुतेक जाणते त्याला थोरला भाऊ मानतात. लूकाच्या शुभवर्तमानांत तो आंत आलाच नव्हता. शेतांतून येऊन तो बाहेर रुसून उभा राहिला. चिताऱ्यानें त्याला घरांत आणून उभें केलें, आणि ही त्याची मोकळीक मला योग्य वाटते, कारण असा मनुष्य पुष्कळ वेळां घराच्या आंतच असतो. त्याच्या खांद्यावर बापासारखेंच तांबडें वस्त्र आहे, बापासारखीच दाढी आहे. निराळे आहेत ते हात. बापाचे उघडून पसरले आहेत, याचे एकावर एक मिटले आहेत. शास्त्रांत याच्या बोलण्यांतली एक खोंच पाहा: धाकट्याला तो एकदांहि आपला भाऊ म्हणत नाहीं, बापाला उद्देशून तुमचा मुलगा असें म्हणतो. बाप उत्तर देतांना तोच शब्द शांतपणें फिरवून परत त्याच्या पदरांत घालतो व सांगतो कीं हा तुझा भाऊ आहे. सारें भांडण या नात्याच्या नांवावरून आहे.

परंतु चित्राचीहि मर्यादा आहे. चित्रांतल्या मुलाच्या अंगाला डुकरांचा वास येत नाहीं. तो मनुष्य खरोखर दारांत उभा राहिला, त्याच्यासाठीं ताट वाढावयाचें झालें, आणि तें ताट कोणत्या भांड्यांतलें असा प्रश्न निघाला, म्हणजे चित्र पाहून डोळे पुसणारा मनुष्यहि काठीवर हात मिटून उभा राहतो. म्हणून माणसांनीं प्रत्यक्ष काय केलें हें पाहावें लागतें.

ही तिसरी साक्ष आपण प्रथम मंडळीच्याच घरांतून घेऊं. अंत्युखियाच्या मंडळींत यहूदी व विदेशी विश्वासी एका पंगतीला जेवत. हें त्या काळीं केवढें मोठें होतें हें गांवांत राहणाऱ्या आपल्या लोकांना जितकें कळेल तितकें शहरच्या पंडितांना कळणार नाहीं. पेत्र तेथें आला, आणि तोहि त्या पंगतीला बसूं लागला. पुढें याकोबाकडून कांहीं माणसें आलीं. मग पेत्र हळूच मागें सरला आणि निराळा बसूं लागला; त्याच्यामागें इतर यहूदी सरले, आणि शेवटीं बर्णबासारखा भला मनुष्यहि त्यांच्याबरोबर ओढला गेला. लक्ष्यांत घ्या, पेत्रानें उपदेशांत एक अक्षर बदललें असें कोठें लिहिलेलें नाहीं. त्यानें विदेश्यांना शिवी दिली असेंहि नाहीं. त्यानें फक्त पंगत बदलली. तरी पौलानें त्याला सर्वांदेखत तोंडावर दोष दिला, आणि कारण सांगितलें तें हें कीं अशी वागणूक शुभवर्तमानाच्या सत्याला सोडून आहे. पेत्राच्या मनांत द्वेष होता काय? शास्त्र तसें म्हणत नाहीं. शास्त्र म्हणतें कीं तो भ्याला होता. प्रीतीच्या हद्दीचा दगड पुष्कळ वेळां द्वेष रोवीत नाहीं; लोक काय म्हणतील ही भीति रोविते.

आतां आपल्याच मुलुखांतली एक साक्ष. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगाची सांथ सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत ती पुण्यास पोंचली. या रोगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें सांपडला होता, पण उंदरांच्या अंगावरील पिसवा तो माणसांत आणतात हें दाखवून देण्याचा पहिला प्रयोग १८९८ सालचा आहे. म्हणजे १८९७ सालच्या आरंभीं पुण्यांतल्या माणसाला एवढेंच दिसत होतें कीं ज्या घरांत गांठ निघाली त्या घराजवळ जाणारा बहुधा वांचत नाहीं. लोक घरें सोडून पळत होते. आजाऱ्याला आपलीं माणसेंहि टाकून जात.

त्या वेळीं सावित्रीबाई फुले सहासष्ट वर्षांच्या होत्या. पति जोतीराव १८९० सालीं वारले होते. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. तो त्यांच्या पोटचा नव्हता; फसविल्या गेलेल्या एका ब्राह्मण विधवेला फुले दांपत्यानें आपल्या घरीं आश्रय दिला होता, तिचें तें मूल, आणि या दोघांनीं त्याला आपला केला होता. कोंबडीच्या नियमाप्रमाणें तें पिलूं चोंच मारून हांकून देण्याचें होतें. या यशवंतानें पुण्याबाहेर हडपसराजवळच्या माळावर प्लेगाच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई तेथें रोग्यांना आणूं लागल्या. मुंढव्याच्या महार वस्तींतल्या एका मुलाला प्लेग झाल्याचें त्यांना कळलें. त्यांनीं जाऊन त्या मुलाला स्वतः उचलून दवाखान्यांत आणलें. त्यांतच त्यांना रोगाची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या.

ही गोष्ट सांगतांना लोक बहुधा त्या शेवटच्या दिवसांवर थांबतात. मला त्याहून महत्त्वाचें वाटतें तें त्याच्या पुष्कळ आधींचें आहे. १८६८ सालीं या दांपत्यानें आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना उघडा करून दिला होता. त्या पाण्यापासून या मरणापर्यंत एकोणतीस वर्षें होतात. १८६८ सालीं जिनें आपल्या घागरीशेजारीं त्यांची घागर भरूं दिली तिला १८९७ सालीं त्यांचें मूल उचलतांना हात पुढें करावा कीं नाहीं हा प्रश्नच पडला नसेल. प्लेगाच्या दिवशीं एकाएकीं कोणी शूर होत नाहीं. तो हात आधीं पाण्यापाशीं सरावलेला असावा लागतो.

कोणी उपदेशक बंधु म्हणेल, "ख्रिस्ती वर्तमानपत्रांत ख्रिस्ती नसलेल्या बाईचें उदाहरण कशाला? आपल्यांत काय माणसें नाहींत?" आहेत. १८९७ च्याच दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांत हिंडून उपाशी मुली व विधवा गोळा करून आणल्या आणि केडगांवास त्यांचें घर उभें केलें, हें आपल्या मंडळ्यांना ठाऊक आहे व ठाऊक असावें. परंतु यरीहोच्या वाटेवरची गोष्ट सांगतांना प्रभूनें याजक व लेवी यांना वाटेनें पुढें जाऊं दिलें आणि शोमरोन्याला थांबविलें. ती ऐकणाऱ्या लोकांनाहि असाच राग आला असेल. ज्याला परक्याच्या चांगुलपणाची अडचण वाटते त्यानें तो अध्याय पुन्हां वाचावा.

आतां आपल्याकडे वळूं, कारण येथवर ऐकणें सोपें होतें. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजेपणजे निरनिराळ्या वाड्यांतून ख्रिस्ताकडे आले. ते एका बाप्तिस्म्यानें एक झाले असें आपण शिकवितों. तथापि अनेक ठिकाणीं रविवारीं एका छपराखालीं बसणारीं माणसें सोमवारीं आपापल्या वाड्यांत जातात आणि पूर्वींच्या जातीचा दगड जेथल्या तेथें असतो. लग्नाची सोयरीक निघाली म्हणजे मुलगा प्रार्थना करतो काय, दारू पितो काय, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न, तो मूळचा कोण? पंचांच्या निवडणुकींत तेंच. पंगतींत कोणी उघड उठून जात नाहीं. पोट बिघडलें आहे, उपास आहे, असें कांहीं तरी निघतें. हा पेत्राचाच मार्ग आहे: उपदेश तोच, पंगत निराळी.

हें सुटणें सोपें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांनीं आपल्या स्मृतिचित्रांत हें किती खरेपणानें सांगितलें आहे! पतीचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, त्यांचा १९०० सालीं. मधलीं वर्षें पतीवरचें प्रेम मनांत असूनहि सोंवळें सुटेना; त्या कित्येक वर्षें दूर राहिल्या, आणि जवळ राहावयास आल्या तरी स्वयंपाक निराळा ठेविला. नवरा आपला होता, तरी त्याच्या घरचें पाणी परकें होतें. पुढें जातिभेद देवानें केलेला नाहीं, मनुष्यानें केला आहे, हें मनाला पटलें तेव्हां त्यांनीं तें जुनें ओझें टाकून दिलें.

खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या उपदेशक बंधूंना एक विनंति आहे. घरोघर भेटी घेतांना तुम्हीं कोणत्या घरीं बसून चहा घेतला आणि कोणत्या घरीं उभ्याउभ्या प्रार्थना करून निघालां, हें सारें गांव मोजत असतें. तुमच्या रविवारच्या उपदेशापेक्षां तें गणित त्यांच्या लक्ष्यांत अधिक राहतें. या आठवड्यांत ज्या घरीं आजवर पाणी घेतलें नाहीं त्या घरीं मागून पाणी घ्या. त्याविषयीं व्यासपीठावरून बोलूं नका. आणि त्या घरच्या माणसाला लगेच आनंद होईल अशीहि अपेक्षा धरूं नका. ज्याला पिढ्यान् पिढ्या चोंच मारली गेली तें पिलूं पंख उघडे दिसले तरी भीतभीतच जवळ येतें. उधळ्या पुत्रालाहि वाटेंत चाकरीचीच भाषा सुचत होती.

अंत्युखियांत पौलानें एवढें सुनावल्यावर पेत्रानें काय उत्तर दिलें, तो त्या दिवशीं परत पंगतीला बसला कीं नाहीं, हें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत नाहीं. मात्र पेत्राच्या नांवें जें दुसरें पत्र आहे त्याच्या शेवटच्या अध्यायांत पौलाचा उल्लेख येतो, आणि तेथें त्याला प्रिय बंधु म्हटलें आहे. थोरल्या भावाविषयीं एवढेंहि लिहिलेलें नाहीं. लूक त्याला अंगणांत ठेवूनच गोष्ट संपवितो. आंत वाजंत्री चालू आहे, ताटें मांडलीं आहेत, धाकट्याच्या पायांत नवे जोडे घातले आहेत, आणि म्हातारा बाप पाहुणे सोडून बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालीत उभा आहे.